शस्त्रक्रियेच्या दिवशी डोळ्याचा दाब: आकडा कुठे चुकतो आणि मोजायचा कसा

ब्लॉक (डोळा सुन्न करणारं इंजेक्शन) दिल्यावर दोन मिनिटांत कुणीतरी शिओट्झ (डोळ्यावर टेकवून दाब मोजायचं यंत्र) टेकवतं, २६ मिमी पारा येतात आणि मॅनिटॉलची (शिरेतून देऊन दाब उतरवणाऱ्या औषधाची) बाटली लागते. त्या २६ मधले डोळ्याचे किती आणि पापणी धरणाऱ्या अंगठ्याचे किती, हे विचारायचं राहून जातं. उलटही होतं. काचबिंदूच्या रुग्णाचा दाब टेबलवर १४ दिसतो, सगळे निर्धास्त होतात आणि संध्याकाळी तोच डोळा दगडासारखा लागतो.

दाब मोजणाऱ्याचा हात, पापण्या ताणणारा स्पेक्युलम, रुग्णाचा रोखलेला श्वास, गळ्याशी घट्ट बसलेलं गाऊनचं बंद हे सगळं त्या आकड्यात मिसळतं. म्हणून खाली मोजण्याच्या कृतीइतकीच जागा तयारीला दिली आहे. लेख ओटीतल्या सहायकांसाठी, नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांसाठी आणि नव्या रेसिडेंट डॉक्टरांसाठी आहे. कोणतं औषध द्यायचं, कोणता टाका कधी सोडायचा हे सर्जन ठरवतील.

टप्पा १. आदल्या दिवशी: यंत्र ठरवा, यंत्र तपासा

एका रुग्णाचे सगळे आकडे शक्यतो एकाच यंत्राचे असावेत. ओपीडीत गोल्डमन (डोळा तपासायच्या मायक्रोस्कोपला, म्हणजे स्लिट लॅम्पला, जोडलेलं दाबाचं यंत्र), टेबलवर शिओट्झ, दुसऱ्या दिवशी हवेच्या झोताचं यंत्र असं केलं तर तीन आकड्यांमधला फरक दाबाचा की यंत्राचा, हे कुणालाच सांगता येत नाही. यंत्र बदलावंच लागणार असेल तर शस्त्रक्रियेपूर्वी दोन्ही यंत्रांनी एकेकदा मोजून दोन्ही आकडे लिहून ठेवा.

गोल्डमनची तपासणी सोबत येणाऱ्या वजनाच्या दांडीने होते. दांडीची मधली खूण म्हणजे ०, पुढची २, टोकाची ६. ड्रम (आकड्यांची फिरती चकती) हळूहळू फिरवत प्रिझमचा (डोळ्याला टेकणाऱ्या टोकाचा) हात पुढे-मागे डोलायला कुठे लागतो ते पाहायचं. २ वर तो १.९५ ते २.०५ च्या दरम्यान डोलला पाहिजे आणि ६ वर ५.९ ते ६.१ च्या दरम्यान. काचबिंदूच्या रुग्णांसाठी २ ची तपासणी सर्वांत मोलाची, कारण निर्णय २० मिमी पाऱ्याच्या आसपासच होतात. यंत्र या मर्यादेबाहेर गेलं तर मनातल्या मनात दोन वजा करून काम चालवू नका, ते दुरुस्तीला पाठवा.

शिओट्झ सोबतच्या धातूच्या ठोकळ्यावर ठेवला की काटा बरोबर ० वर यायला हवा. त्याचा नेहमीचा आजार म्हणजे दांडा अडकणं. आत सुकलेलं औषध किंवा अश्रू राहिले की दांडा पूर्ण खाली जात नाही, काटा कमी फिरतो आणि दाब खोटाच जास्त दिसतो. दांडा काढून स्पिरिटने पुसायचा, पूर्ण सुकवायचा, मग जोडायचा. उभा-आडवा करून तो आपल्या वजनाने सरकतो का, हे दर वेळी पाहा.

गोल्डमनचं प्रिझम अल्कोहोलच्या बोळ्याने पुसणं पुरेसं नाही. ॲडिनोव्हायरससारखे जंतू त्याने खात्रीने मरत नाहीत आणि वारंवार अल्कोहोलने प्रिझमचा जोड उकलतो. दहापट पातळ केलेल्या ब्लीचमध्ये टोक ५ मिनिटं बुडवायचं, वाहत्या पाण्याखाली नीट धुवायचं आणि कोरडं करायचं. धुणं आळसाने झालं की दुसऱ्या रुग्णाचा कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) रसायनाने भाजतो.

> तपासा: प्रिझमच्या टोकाला चीर किंवा ओरखडा आहे का? असेल तर ते वापरातून काढा. भेगेत द्रव साठतो आणि तोच पुढच्या डोळ्यात जातो.

टप्पा २. शस्त्रक्रियेपूर्वीचा मूळ आकडा

हा आकडा चुकला तर पुढचे सगळे चुकीच्या आकड्याशी ताडले जातात. तो ओपीडीत बसून, गोल्डमनने घ्यायचा.

१. रुग्णाचा गळ्याचा बंद सैल करा, टायची गाठ किंवा साडीचा ताणलेला पदर मोकळा करा. हनुवटी पुरती टेकवा. पुढे झुकून मान ताणलेली नको. अंग जड असेल तर खुर्ची जवळ ओढा, नाहीतर रुग्ण श्वास रोखतो आणि आकडा चढतो.

२. प्रोपॅराकेन (डोळा सुन्न करणारं औषध) ०.५ टक्के एक थेंब, अर्धा-एक मिनिट थांबा. मग फ्लुरोसीनची (निळ्या प्रकाशात हिरव्या चमकणाऱ्या रंगाची) पट्टी खालच्या पापणीच्या आत हलकेच टेकवा. पट्टी नेहमी एकदाच वापरायची. उघड्या बाटलीतलं फ्लुरोसीन हे जंतू वाढायचं आवडतं ठिकाण आहे.

३. निळा प्रकाश, फट पूर्ण उघडी, दिव्याचा हात साधारण ६० अंशांवर, १० पट मोठेपणा. ड्रम १ वर.

४. रुग्णाला एकदा पापणी मिटवून समोर पाहायला सांगा. पापणी धरावी लागली तर बोट भुवईच्या हाडावर टेकवा. बोटाचं टोक नेत्रगोलावर पडलं की आकडा तुमचा झाला, डोळ्याचा राहिला नाही.

५. प्रिझम कॉर्नियाच्या मध्यावर टेकवा. दोन हिरवी अर्धवर्तुळं दिसतील, एक वर, एक खाली. ती लहानमोठी दिसत असतील तर मागे घ्या, मोठ्या अर्धवर्तुळाच्या दिशेने यंत्र सरकवा आणि पुन्हा टेकवा. टेकलेलं प्रिझम ओढत नेऊ नका, कॉर्निया खरवडतो.

६. ड्रम फिरवून दोन्हींच्या आतल्या कडा एकमेकींना नेमक्या शिवू द्या. नाडीबरोबर कडा पुढे-मागे होतात. त्या हालचालीचा मध्य धरा. ड्रमवरच्या आकड्याला १० ने गुणा: १.८ म्हणजे १८ मिमी पारा.

हिरव्या पट्ट्याची जाडी वर्तुळाच्या व्यासाच्या साधारण दहाव्या भागाइतकी हवी. पट्टा जाडजूड असेल तर अश्रू जास्त आहेत आणि आकडा खोटा चढतो. अगदी बारीक असेल तर खोटा उतरतो. जाड असल्यास प्रिझम मागे घेऊन टिशूने डोळ्याच्या कोपऱ्यातले अश्रू टिपा आणि पुन्हा सुरू करा. नवशिक्यांचे बरेच आकडे इथेच बिघडतात आणि ते ‘रुग्ण सहकार्य करत नाही’ या शेऱ्याखाली लपतात.

तीन डायॉप्टरपेक्षा जास्त सिलिंडर (चष्म्याचा तिरका नंबर) असेल तर प्रिझमवरची लाल खूण मायनस सिलिंडरच्या अक्षावर फिरवा. जाड कॉर्निया आकडा वाढवतो, पातळ किंवा लॅसिक झालेला कॉर्निया कमी करतो. गोल्डमनने हिशेब ५२० मायक्रॉन धरून केला होता. जाडी मोजून नोंदवा, पण ‘इतके मायक्रॉन म्हणजे इतके मिमी’ असं ठोकळ गणित करून आकडा बदलू नका.

शिबिरात किंवा स्लिट लॅम्प नसलेल्या ठिकाणी शिओट्झच हाती असतो. रुग्ण उताणा, नजर वर धरलेल्या स्वतःच्या अंगठ्यावर, पापण्या हाडाच्या कडेवर दाबून अलग. आधी ५.५ ग्रॅमचं वजन. काट्याचा आकडा ३ पेक्षा कमी आला तर ७.५ ग्रॅमचं वजन लावून पुन्हा. ५.५ ग्रॅमवर काटा ४ म्हणजे सुमारे २०.६, ५ म्हणजे १७.३, ६ म्हणजे १४.६ मिमी पारा. सलग मोजमापांनी डोळा दबून मऊ होतो, म्हणून दोनपेक्षा जास्त वेळा टेकवू नका. जास्त मायनस नंबरच्या डोळ्याचं आवरण लवचीक असतं. तिथे शिओट्झ दाब कमी दाखवतो. काचबिंदू असलेल्या मायोपच्या बाबतीत हे नेमकं विसरलं जातं.

> नोंद अशी हवी: ‘उजवा १८, डावा २२, गोल्डमन, बसून, स. १०.४०, थेंब चालू, ब्लॉकपूर्वी.’ नुसतं ‘१८/२२’ हे पुढच्या माणसाला निरुपयोगी आहे.

टप्पा ३. ब्लॉकनंतर, चीर देण्याआधी

डोळ्याभोवती ५ ते ८ मिली द्रव भरल्यावर दाब चढणारच. म्हणून लगेच मोजू नका. दाबाच्या फुग्याने, तो साधारण ३० मिमी पाऱ्यावर ठेवून, किंवा मधे मधे हात उचलत केलेल्या मालिशने द्रव पसरू द्यायचा आणि सुमारे १० मिनिटांनी तपासायचं. दृष्टीची नस आधीच खराब झालेल्या काचबिंदूत सलग दाबून ठेवणं धोक्याचं. तिथे सर्जनला विचारल्याशिवाय फुगा बांधू नका.

मोजताना रुग्ण झोपलेला आहे हेही ध्यानात ठेवा. झोपल्यावर दाब बसल्यापेक्षा थोडा वर जातो, काचबिंदूत जरा जास्तच. ओपीडीतले बसून १८ आणि टेबलवर झोपून २१ म्हणजे ब्लॉकने काही बिघडवलं असा अर्थ होत नाही.

टेबलवर बोटांनी अंदाज घ्यायची पद्धत अजून उपयोगी आहे, फक्त तिच्याकडून आकड्याची अपेक्षा करू नका. रुग्णाला खाली पाहायला सांगा, वरच्या पापणीवर कडक पट्टीच्या वर दोन्ही तर्जन्या ठेवा, एकीने हलकं दाबा, दुसरीला उसळी जाणवते का पाहा. ओठासारखा लागला तर मऊ, नाकाच्या शेंड्यासारखा लागला तर ठीक, कपाळासारखा लागला तर थांबा. दोन्ही डोळे ताडून पाहा. रोज एखाद्या डोळ्याचा दाब बोटाने अंदाजून मग यंत्राने मोजलात तर बोट तयार होतं.

डोळा कपाळासारखा लागला तर मॅनिटॉल मागवण्याआधी या क्रमाने शोधा: स्पेक्युलम नेत्रगोलाला दाबतो आहे का, ड्रेप (चेहऱ्यावरचं निर्जंतुक कापड) ताणलेला आहे का, गळ्याचा बंद घट्ट आहे का, रुग्ण कुंथतो किंवा खोकतो आहे का, त्याला लघवी लागली आहे का. यातलं काहीच नसेल, डोळा पुढे आलेला असेल, पापण्या ताठ झाल्या असतील आणि पांढऱ्या भागाखाली रक्त पसरत असेल तर डोळ्यामागे रक्तस्राव झालेला असू शकतो. तेव्हा शस्त्रक्रिया थांबवायची असते, आकडा घेत बसायचं नसतं.

सर्जनने मॅनिटॉल सांगितलंच तर २० टक्के द्रावणाच्या १०० मिलीत २० ग्रॅम असतं. ६० किलोच्या रुग्णाला किलोमागे १ ग्रॅम म्हणजे ३०० मिली होतं. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर सर्जनला आधी सांगा, रुग्णाला लघवीला नेऊन आणा. परिणाम अर्ध्या ते एका तासात दिसतो; बाटली लावून दहा मिनिटांत पुन्हा मोजणं फुकट आहे.

टप्पा ४. लहान मुलं आणि पूर्ण भूल

जन्मजात काचबिंदूत भुलेखालचा आकडा सर्जरीची दिशा ठरवतो. वायूची भूल दाब उतरवते, केटामिन तो उतरवत नाही, कधी चढवतं. सक्सामेथोनियम आणि श्वासनलिकेत नळी घालणं दाब चढवतं. म्हणून भूलतज्ज्ञांशी आधी बोलून ठेवा आणि मूल निवांत झाल्याबरोबर, नळी घालण्याआधी मोजा. पर्किन्स, टोनोपेन किंवा झोपून चालणारं आयकेअर या हातात धरायच्या यंत्रांपैकी कोणतंही चालेल. आयकेअरची काही मॉडेल्स फक्त बसलेल्या रुग्णासाठी असतात. आपलं मॉडेल कोणतं हे आदल्या दिवशीच पाहा. पाळणा-पलंगाच्या कडेवर कोपर टेकवून हात स्थिर ठेवला की निम्म्या चुका टळतात. कोणती भूल होती आणि किती मिनिटांनी मोजलं, हे आकड्याशेजारी हवंच.

टप्पा ५. फॅको चालू असताना: बाटलीची उंची हाच दाब

फॅकोच्या (ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून काढायच्या शस्त्रक्रियेच्या) वेळी डोळ्यात दाब येतो तो लटकलेल्या बाटलीतून. बाटलीच्या ठिबक-नळीतल्या द्रवाची पातळी आणि रुग्णाचा डोळा यांमधलं अंतर सेंटिमीटरमध्ये घ्या आणि ०.७४ ने गुणा. ६० सेंमी म्हणजे ४४, ८० म्हणजे ५९, १०० म्हणजे ७४, १२० म्हणजे ८८ मिमी पारा. हा प्रवाह थांबलेला असतानाचा आकडा. द्रव वाहायला लागला की दाब उतरतो.

इथली नेहमीची चूक म्हणजे बाटली जागेवर ठेवून टेबल वर-खाली करणं. टेबल १० सेंमी खाली नेलं की दाब सात-साडेसातने वाढतो आणि यंत्रावर काहीच बदललेलं दिसत नाही. दाब स्वतः राखणाऱ्या यंत्रांत रुग्णाच्या डोळ्याची पातळी भरावी लागते. मागच्या रुग्णाची पातळी तशीच राहिली की सगळे आकडे सरकतात. काही यंत्रं सेंमी पाणी दाखवतात, काही मिमी पारा. ‘७०’ ऐकलं तर एकक विचारा: ७० सेंमी पाणी म्हणजे ५१ मिमी पारा, ७० मिमी पारा म्हणजे ९५ सेंमी पाणी.

काचबिंदूने कोमेजलेल्या नसेला ८८ मिमीचा दाब बराच वेळ सोसायला लावू नये. अशा डोळ्यात चेंबर (कॉर्नियामागची पाण्याची पोकळी) स्थिर राहील तेवढीच बाटली खाली ठेवायची असते. सहायकाने एवढं करावं: केस सुरू होताना उंची मोठ्याने सांगावी आणि दर बदलानंतर पुन्हा सांगावी.

> थांबा: शस्त्रक्रिया चालू असताना डोळा अचानक कडक झाला, चेंबर उथळ झालं, लाल चकाकी (बाहुलीतून परत येणारा लालसर उजेड) काळवंडली तर मागच्या थरात रक्तस्राव होत असू शकतो. जखम तातडीने बंद करायची असते. टोनोमीटर (दाब मोजायचं यंत्र) मागवू नका, टाका द्या.

टप्पा ६. मोतीबिंदूच्या शेवटी

व्हिस्को (शस्त्रक्रियेत डोळ्यात भरलेला घट्ट जेल) पूर्ण निघाला याची खात्री आधी, दाब नंतर. लेन्सच्या मागे राहिलेला व्हिस्को शेवटच्या आकड्यात दिसत नाही. तो चार-सात तासांनी दिसतो.

मुख्य चीर आणि साइड पोर्ट (बाजूची छोटी चीर) दोन्ही सलाइनने फुगवून बंद झाल्यावर साइड पोर्टमधून बीएसएस (डोळ्यात वापरायचं क्षारांचं पाणी) हळू सोडत चेंबर भरा. चीर स्पंजने कोरडी करून कडेला हलकं दाबा आणि पाणी येतं का पाहा. मगच दाब तपासा. बॅराकरचा निर्जंतुक टोनोमीटर असेल तर रुग्णाला मायक्रोस्कोपच्या दिव्याकडे पाहायला सांगा, कॉर्नियावरचं जास्तीचं पाणी टिपा, पण कोरडाठक करू नका, आणि यंत्र नुसत्या वजनाने उभं टेकवा. दिसणारं पाण्याचं वर्तुळ यंत्रावरच्या रेषेच्या आत राहिलं तर दाब रेषेच्या आकड्यापेक्षा जास्त, बाहेर गेलं तर कमी. हात तिरका असेल तर वर्तुळ लंबगोल येतं. तो आकडा टाकून द्या. साधारण २० मिमी पाऱ्याच्या आसपास सोडलं की चीर मिटून राहते. फार मऊ सोडलेल्या डोळ्यात चिरेतून बाहेरचा द्रव आणि जंतू आत ओढले जाऊ शकतात. कडक सोडलेला डोळा रात्रभर दुखतो.

टप्पा ७. ट्रॅबेक्युलेक्टॉमीत फ्लॅप बांधताना

ट्रॅबेक्युलेक्टॉमी म्हणजे काचबिंदूत डोळ्यातल्या पाण्याला बाहेर जायची नवी वाट करून देणारी शस्त्रक्रिया. आधी ३५-४० दाब असलेल्या डोळ्यात भोक पाडून तो एकदम शून्यावर आणणं हीच मोठी चूक. साइड पोर्टमधून थोडं थोडं पाणी सोडत दाब सावकाश उतरवायचा असतो.

फ्लॅपचे (त्या वाटेवरच्या झाकणाचे) १०-० नायलॉनचे टाके बांधल्यावर साइड पोर्टमधून बीएसएस भरा आणि फ्लॅपच्या कडा स्पंजने कोरड्या करून वीस-तीस सेकंद नुसतं पाहा. कडेने पाणी झिरपतं पण चेंबर खोल राहतं, हवं ते हेच. पाणी वाहत असेल आणि चेंबर बसत असेल तर टाका कमी पडतो. काहीच झिरपत नसेल तर टाका फार घट्ट. बॅराकरने दाब साधारण १० ते १५ दिसावा. माइटोमायसिन (व्रण धरू न देणारं औषध) वापरलं असेल तर सर्जन जरा घट्टच बांधतात, कारण सैल पडायची भीती जास्त आणि टाका नंतर सोडता येतो.

अहमद झडप (डोळ्यातलं पाणी नळीने बाहेर काढणारं साधन) बसवण्यापूर्वी नळीतून बीएसएस दाबून झडप उघडून घेणं अनिवार्य आहे. झडप न उघडता बसवली तर तिचे पापुद्रे चिकटलेलेच राहतात आणि दाब उतरत नाही. ती साधारण ८ ते १२ मिमी पाऱ्यावर उघडते. झडप नसलेल्या नळीला विरघळणाऱ्या दोऱ्याने बांधतात. दोरा चार-सहा आठवड्यांत विरघळतो आणि दाब एका रात्रीत कोसळू शकतो. त्या आठवड्यांची तारीख रुग्णाच्या कागदावर आजच लिहा.

टप्पा ८. त्याच संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी

काचबिंदूच्या, किंवा व्हिस्को काढणं अवघड गेलेल्या डोळ्यात दाब चार-सात तासांनी एकदा पाहा. दुखणं, मळमळ, धूसर कॉर्निया ही चिन्हं असली की मोजण्यात उशीर नको.

दुसऱ्या दिवशीचा क्रम: दृष्टी, मग फ्लुरोसीनने गळती, मग दाब, शेवटी बाहुली मोठी करणारा थेंब. गळती तपासण्याआधी दाब मोजला की प्रिझमच्या टेकण्याने चीर उघडते आणि खरं काय होतं ते कळत नाही. ताज्या चिरेवर शिओट्झ ठेवू नका. कॉर्निया सुजलेला असेल तर गोल्डमन दाब कमी दाखवतो, म्हणून ‘१२’ वर विसंबू नका. ब्लेब (काचबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर वरच्या पापणीखाली पाण्याने येणारा फुगवटा) असलेल्या डोळ्यात वरची पापणी ओढताना ब्लेब दाबू नका.

आकडा एकट्याने वाचू नका, चेंबर आणि ब्लेबबरोबर वाचा. चेंबर उथळ, दाब कमी, गळती दिसते: जखम किंवा ब्लेब गळतो आहे. चेंबर उथळ, दाब कमी, ब्लेब उंच: पाणी जास्त निघतं आहे. चेंबर खोल, दाब जास्त, ब्लेब सपाट: वाट अडलेली, टाका घट्ट किंवा आत व्हिस्को. चेंबर उथळ आणि दाब जास्त: सर्जनला लगेच फोन, तो डोळा सकाळपर्यंत थांबत नाही.

पहिल्या आठवड्यानंतर बहुतेक जण दाब मोजणं सोडतात. पण स्टेरॉइडचे थेंब महिनाभर चालतात आणि काहींचा दाब त्या थेंबांमुळे दोन-चार आठवड्यांनंतर चढतो. डोळा पांढरा, दृष्टी चांगली, तक्रार काही नाही, आणि दाब ३४. म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्याची तारीख डिस्चार्जच्या कागदावर ठळक लिहा आणि त्या दिवशी गोल्डमनच लावा.